एका सर्व्हरवरचे पाच रोल हलवताना: माझा अनुभव

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपणार, हे आमच्याकडे बरंच आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बजेट पास होणं वेगळं. साहेबांचा प्रश्न ठरलेला, "आत्ता चालतंय ना?" चालत तर होतंच. भोसरी एमआयडीसीतला आमचा मशीन शॉपचा कारखाना एकाच सर्व्हरवर उभा होता. तोच डोमेन कंट्रोलर (डोमेन म्हणजे सगळे यूजर आणि पीसी यांची एक व्यवस्था, तिथली लॉगिन तपासणारा), तोच डीएनएस (नावावरून मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सांगणारा), तोच डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणारा), फाइल सर्व्हरही तोच आणि प्रिंट सर्व्हरही. हीच ती पाच कामं, म्हणजे रोल. शेवटी ग्राहकाच्या ऑडिटरने सिक्युरिटी अपडेट कुठून येणार असं विचारलं, तेव्हा कुठे फाइल हलली.

व्हेंडरच्या इंजिनिअरचं म्हणणं सरळ होतं. "सर, वरच्यावर अपग्रेड मारून टाकू. आधी २०१९, मग २०२२. एका रात्रीत काम." मार्ग चुकीचा नव्हता. २०१२ आर२ वरून थेट २०२२ वर उडी मारता येत नाही, मधे २०१६ किंवा २०१९ चा टप्पा घ्यावाच लागतो. पण बरीच वर्षं साचलेले ड्रायव्हर आणि अँटिव्हायरसचे उरलेसुरले तुकडे नव्या सिस्टीममध्ये तसेच येणार, आणि काही अडकलं तर पाचही रोल एकदम झोपणार. डोमेन कंट्रोलरसाठी तर नवीन मशीन जोडून जुनं काढण्याचीच शिफारस मायक्रोसॉफ्ट करतं. मी नाही म्हणालो.

नवीन हार्डवेअर, त्यावर फक्त हायपर-व्ही (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) आणि वर दोन व्हर्च्युअल मशीन, एक डोमेन कंट्रोलर आणि एक फाइल सर्व्हर, असं ठरलं. स्टँडर्ड एडिशनच्या एका लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन बसतात. २०१२ च्या काळातली कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचं किंवा मशीनचं लायसन्स) २०२२ ला चालत नाहीत, ती नव्याने घ्यावी लागतात. कोटेशनमध्ये ही ओळच नव्हती, ती मी घालायला लावली.

सर्व्हरवर कोणते रोल आहेत हे सर्व्हर मॅनेजर उघडलं की दिसतं. त्या रोलवर कोण कोण जगतंय, हे मात्र कुठल्याच स्क्रीनवर नसतं. त्यासाठी वही घेऊन शॉप फ्लोअरवर फिरलो. हजेरीच्या मशीनमध्ये डीएनएस म्हणून जुन्या सर्व्हरचा आयपी हाताने टाकलेला. झेरॉक्स मशीन स्कॅन करून थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकायचं. आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी निघाला विंडोज एक्सपीचा.

खरी अडचण या एक्सपीची. त्याला फाइल शेअरिंगसाठी एसएमबी-१ (जुनी पद्धत) एवढंच येतं आणि सर्व्हर २०२२ मध्ये ते मुळातच बसवलेलं नसतं. बसवता येतं, पण रॅन्समवेअरला (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) आवडणारं दार आपणच उघडून द्यायचं? २०१७ चं वॉनाक्राय याच एसएमबी-१ मधल्या भोकातून पसरलं होतं. पीसी बदला म्हणावं, तर मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. तिथले काका म्हणाले, "साहेब, हे बंद पडलं तर मी घरी जातो, तुम्ही मशीन चालवा." मग एक छोटा एफटीपी (फाइली पाठवण्या-घेण्याची जुनी सोय) सर्व्हर ठेवला आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या पीसीला आणि झेरॉक्स मशीनला वाट दिली. एक्सपीत एफटीपीची कमांड असतेच, एक बॅच फाइल लिहून आयकॉन डेस्कटॉपवर टाकला. काकांना फरक एवढाच पडला, की आधी फोल्डर उघडायचे, आता आयकॉनवर डबल-क्लिक करतात.

दुसरी गाठ खोलवरची. आमचं डोमेन सर्व्हर २००३ च्या काळातलं. नंतर सर्व्हर बदलले तरी सिसव्हॉल (डोमेनच्या धोरणांचं सामायिक फोल्डर) अजून एफआरएस या जुन्या यंत्रणेनेच रेप्लिकेट होत होतं आणि फंक्शनल लेव्हलही (डोमेन कुठल्या आवृत्तीच्या पातळीवर चालतं ती) २००३ चीच. अशा डोमेनमध्ये २०१९ किंवा २०२२ चा डोमेन कंट्रोलर घुसूच शकत नाही. आधी लेव्हल वाढवली, मग एफआरएसवरून नव्या डीएफएसआरवर नेणाऱ्या डीएफएसआरमिग कमांडने प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड असे टप्पे घेतले. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मागे फिरता येतं, तिसऱ्यानंतर नाही. म्हणून तिसऱ्याआधी सिस्टीम स्टेटचा बॅकअप घेतला आणि तो उघडतो का, हेही बघितलं.

त्यानंतरचं सोपं गेलं. नवीन मशीन डोमेन कंट्रोलर केलं, डीएनएसचे झोन (नावांच्या नोंदी) अॅक्टिव्ह डिरेक्टरीतच, म्हणजे डोमेनच्या डेटाबेसमध्येच, असल्याने आपोआप आले. डीसीडायॅग या तपासणीच्या कमांडचा निकाल स्वच्छ आल्यावर एफएसएमओचे पाचही रोल (एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरकडे असणारी कामं, वरच्या पाच रोलपेक्षा वेगळी) नव्याकडे दिले. हायपर-व्हीची टाइम सिंक बंद करून वेळ बाहेरच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरवरून घेतली. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासण्याची पद्धत) लॉगिन देत नाही. प्रिंटर एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करून आले.

फाइलींची पहिली कॉपी रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडने आधीच करून ठेवली होती, रोज रात्री फक्त फरक जायचा. त्यासाठीचा स्विच दिला की एनटीएफएसच्या (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरच्या) परवानग्या त्यात येतात, शेअरच्या (नेटवर्कवरून उघडण्याच्या) परवानग्या येत नाहीत. त्या रजिस्ट्रीतल्या लॅनमॅनसर्व्हरखालच्या शेअर्स या की मधून एक्स्पोर्ट कराव्या लागतात, आणि ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवावं लागतं.

शेवटचा घाव गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी. सगळ्यांना बाहेर काढून शेवटची कॉपी घेतली, डीएचसीपी लीजसकट (कुणाला कुठला आयपी दिलाय त्या नोंदींसकट) एक्स्पोर्ट करून नव्यावर आणून ऑथराइज केलं, जुना सर्व्हर डिमोट करून (डोमेन कंट्रोलरचं काम काढून घेऊन) डोमेनमधून काढला. मग वाटणी केली, घरात भावाभावांत होते तशी. जुनं नाव फाइल सर्व्हरला पर्यायी नाव म्हणून, जुना आयपी डोमेन कंट्रोलरला. त्यामुळे टॅलीच्या आणि अकाउंट्सच्या शॉर्टकटना हात लावावा लागला नाही, हजेरीचं मशीनही तसंच चालू राहिलं.

शुक्रवारी सकाळी क्वालिटीचा फोन आला. त्यांच्या तपासणी रिपोर्टच्या एक्सेल फाइली एकमेकींना जोडलेल्या, आणि त्या लिंकमध्ये कुणीतरी पूर्वी नावाऐवजी आयपी टाकलेला. फाइली नावाकडे गेल्या आणि लिंक आयपीकडे बघत बसल्या. एक्सेलच्या एडिट लिंक्समध्ये सोर्स बदलत दुपार गेली. असल्या गोष्टी कुठलंही इन्व्हेंटरीचं टूल दाखवत नाही.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "आता किती वर्षं बघायला नको?" मी म्हणालो, १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत सपोर्ट आहे. आणि दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचं, वेगळ्या हार्डवेअरवरचं कोटेशन तेव्हाच पुढे केलं. एकाच खोक्यात एकच डोमेन कंट्रोलर ही अवस्था काही बदललेली नाही. ते कोटेशन अजून टेबलावरच आहे.