मागून चढा, पुढून उतरा

काल आई बाबांच्या पायाला तेल चोळत बसली होती आणि एकदम म्हणाली, "दुखलं छातीत आणि चिरला पाय, ह्यांचं सगळं असलंच." बाबांच्या हृदयाच्या बायपास ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं. उजव्या पायावर घोट्यापासून पार मांडीपर्यंत लांब वण आहे, छातीवरचा वण बनियनमध्ये लपतो पण पायाचा कुठे लपणार, घरात अर्धी चड्डी घालून फिरतात, त्यामुळे येणारा-जाणारा आधी पायाचंच विचारतो. म्हटलं एकदा लिहूनच टाकू, प्रत्येकाला तेच तेच सांगून आता माझं तोंड दुखतंय.

बाबा बसवर कंडक्टर होते, ३४ वर्षं. म्हणजे ३४ वर्षं उभं राहून, एक हात दांडीला, दुसऱ्या हातात तिकिटाचा पंच. त्यांच्या डाव्या पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरांच्या गाठी गाठी आहेत, लहानपणी मी त्यांना गांडुळं म्हणायचो आणि बोटाने दाबून बघायचो. व्हेरिकोज व्हेन्स हा शब्द घरात खूप उशिरा आला. डॉक्टरला कधी दाखवलं नाही, "कंडक्टरला असतातच" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी परळ स्टेशनचा जिना चढताना छातीत भरून आलं. गॅस समजून सोडा प्यायले (हो, सोडा). दोन दिवसांनी परत तेच झालं तेव्हा आईने ऐकलं नाही. ईसीजी झाला, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, मग अँजिओग्राफी. मनगटातून एक बारीक नळी थेट हृदयाच्या दारापर्यंत नेतात, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडतात आणि स्क्रीनवर हृदयाच्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या काळ्या उमटतात. मी बाहेर बसून मोबाईलवर वाचत होतो, तर कळलं की माणसाच्या हृदयापर्यंत अशी नळी पहिल्यांदा घातली ती १९२९ साली, वेर्नर फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरने, आणि ती स्वतःच्याच हृदयात! दंडाच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माणूस वेडाच असणार, पण आपल्या बाबांची अँजिओ चालू असताना असं काही वाचलं की बरं वाटतं.

रिपोर्ट आला, तीन धमन्यांत ब्लॉकेज. डॉक्टरांनी फाईलच्या मागे पेनाने हृदय काढून दाखवलं. मला तोपर्यंत वाटायचं हृदयात एवढं रक्त भरलेलं असतं तर त्याला स्वतःला रक्त कमी कसं पडेल? पण नाही, आतल्या रक्तातून हृदयाच्या स्नायूला जवळपास काहीच मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या धमन्या असतात, महाधमनी निघते तिथेच सुरुवातीला फुटतात आणि हृदयाच्या अंगावरून पसरतात, रुंदी म्हणाल तर दोन ते चार मिलिमीटर, शीतपेयाच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. त्यात गंमत अशी की सगळ्या शरीराला रक्त जातं हृदय आवळलं की, पण डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, कारण आवळताना तो स्वतःच आपल्या धमन्या दाबून टाकतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसणारी आई आठवली मला.

बायपासमध्ये ब्लॉकेज काढत नाहीत, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते तसंच ठेवतात. मोहम्मद अली रोडची गर्दी कोणी हटवली नाही, वरून जेजे फ्लायओव्हर टाकला, तसंच. आता फ्लायओव्हरला सामान कुठून आणायचं? तर पेशंटच्याच अंगातून. छातीच्या आतल्या बाजूला एक धमनी असते ती वापरतात आणि बाकीच्यांसाठी पायाची शीर (धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर ते परत आणते). पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी ही शीर शरीरातली सगळ्यात लांब शीर आहे. काढली तरी चालतं, कारण पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांमधून वर जातं. ह्या पायाच्या शिरेची पद्धत रूढ केली अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो ह्या सर्जनने, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलंडला.

सर्जन बाबांचे पाय बघायला आले. डाव्या पोटरीकडे बघून म्हणाले, "काका, ही गाडी भंगारात गेली, उजवा दाखवा." उजवा बरा निघाला. मग जाता जाता असंच म्हणाले की शीर आम्ही उलटी करून लावतो, घोट्याकडचं तोंड वर आणि जांघेकडचं खाली, कारण आत व्हॉल्व्ह (झडपा) असतात.

मी तिथेच अडकलो. शिरेच्या आत व्हॉल्व्ह? हृदयात चार असतात हे शाळेत पाठ केलं होतं, शिरांचं एक तर सांगितलं नव्हतं नाहीतर मी मागच्या बाकावर होतो.

त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मी स्वतःच्या हातावर प्रयोग केला, तुम्हीही करा, जमतो. दंडाला रुमाल आवळून बांधायचा, हात खाली सोडायचा, शिरा फुगल्या की त्यांच्यावर मधेमधे बारीक गाठीसारखे फुगवटे दिसतात, ते व्हॉल्व्ह. आता शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने सरकवत एका फुगवट्याच्या पुढे न्यायचं. वरचं बोट उचला, रक्त मागे येत नाही, मधला तुकडा चपटाच राहतो. खालचं बोट उचललं की पटकन भरतो. हाच प्रयोग विल्यम हार्वी ह्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ च्या पुस्तकात चित्रांसकट छापला होता. व्हॉल्व्ह आधी त्याच्या गुरूने, इटलीतल्या पादुआच्या फाब्रिसियसने नीट वर्णन केले होते, पण त्याला वाटलं रक्त हातापायात साचू नये म्हणून ते फक्त वेग कमी करतात. हार्वीने ओळखलं की हा एकेरी रस्ता आहे. आणि त्याचा दुसरा मुद्दा निव्वळ हिशोबाचा होता. तो आपल्या आकड्यांत करून बघा, एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळी ५ लिटरच्या आसपास. दिवसाचे ७००० लिटर झाले, आमच्या चाळीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या. खाल्लेल्या अन्नातून एवढं नवीन रक्त रोज कोण बनवणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. इतका साधा हिशोब, पण त्याआधी चौदाशे वर्षं सगळे गेलन ह्या प्राचीन ग्रीक वैद्याचं म्हणणं धरून बसले होते, की रक्त अन्नातून सतत नवीन बनतं.

सकाळी बाबांना हे सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे मागून चढा, पुढून उतरा." तेव्हाच्या बसचा नियम. "आणि मागच्या दारानेच उतरायला लागले तर?" मी विचारलं. "तर मग मागे गर्दी तुंबते." आणि स्वतःच डाव्या पोटरीकडे बघितलं.

तेच झालंय त्यांचं. उभं राहिल्यावर पायातल्या रक्ताला सगळी उंची चढून वर जायचं असतं, हृदयाचा जोर तिथपर्यंत उरलेला नसतो. ते काम पोटरी करते. चाललं की पोटरीचा स्नायू आवळतो, शिरा पिळल्या जातात, रक्त एक मजला वर, व्हॉल्व्ह बंद, परत आवळला की अजून एक मजला. नुसतं स्थिर उभं राहिलं तर पंप बंद आणि सगळा दाब घोट्याशी. वर्षानुवर्षं तो दाब बसला की शिरा पसरतात, व्हॉल्व्हच्या पाकळ्या एकमेकींना लागेनाशा होतात आणि रक्त मागच्या दाराने खाली. अनुवंशिक पण असतं म्हणे, आजीच्या पायालाही होत्या गाठी, तेव्हा सगळा दोष नोकरीला देता येणार नाही. पण वॉचमन, ट्रॅफिक हवालदार, सलूनवाले, शिक्षक, ह्यांच्या पायांकडे बघा एकदा. मी आता लोकलमध्ये उभा असलो की टाचा वर-खाली करत असतो, बाजूचे लोक संशयाने बघतात.

आता रक्ताच्या बाटल्यांची गोष्ट, कारण खरी धावपळ तिथे झाली. बाटली आपण सवयीने म्हणतो, असते पिशवी. ऑपरेशनसाठी चार पिशव्यांची सोय करा म्हणाले, आणि महिना मे. कॉलेजं बंद, अर्धी चाळ कोकणात. आमचं मंडळ गणपतीत रक्तदान शिबिर घेतं, गेली कित्येक वर्षं नावं लिहायच्या टेबलावर मीच बसतो, दोन-दोनशे पिशव्या होतात, फोटो निघतात, छत्री भेट मिळते. मला वाटायचं आपण दिलेलं कुठेतरी साठवून ठेवत असतील. कसलं काय. लाल पेशी फ्रीजमध्ये ३५ दिवस, वेगळं द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) तर फक्त ५ दिवस, त्याही फ्रीजमध्ये नाही, साध्या एसीच्या तापमानाला सतत हलवत ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) तेवढा गोठवून वर्षभर टिकतो. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं आणि पेशींना खायला साखर, कारण त्या जिवंत असतात, पिशवीतही त्यांना भूक लागते. म्हणजे गणपतीत दिलेल्या लाल पेशी दिवाळी यायच्या आधीच संपलेल्या, मे महिन्याचं नावच सोडा.

मग फोनाफोनी. ऑफिसमधला एक म्हणाला आत्ता येतो, तर त्याने चार महिन्यांपूर्वी टॅटू काढलेला, वर्षभर चालत नाही. दुसरा नाईट शिफ्ट करून थेट आला, झोप नाही म्हणून परत. एक मैत्रीण आली, तिच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडला, तो बुडायच्या ऐवजी वरच तरंगत राहिला. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब जड असतो, बुडतो. ती बिचारी एवढी ओशाळली की मलाच वाईट वाटलं, "अगं तुझं रक्त हलकं आहे, वजन नाही," असा जोक मारला, चालला नाही. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारे मिळायचे म्हणे, १९९८ पासून ते बंद झालं आणि बरंच झालं, गरजेपोटी आजार लपवून देणारे असायचे. शेवटी तिघं मिळाले, एक माझा मेहुणा, एक खालच्या मजल्यावरचा पोरगा आणि एक असा माणूस जो स्वतःच्या आईसाठी आला होता आणि तिला रक्त लागलंच नाही म्हणून आमच्या नावावर देऊन गेला. त्याचा नंबर घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, अजून चुटपुट लागते.

ऑपरेशन हार्ट-लंग मशीनवर (हृदय थांबवून त्याचं काम करणारं मशीन) न घेता चालत्या हृदयावरच केलं, जिथे टाके घालायचे तेवढीच जागा पकडून स्थिर करतात आणि केसापेक्षा बारीक दोऱ्याने शिवतात. पाच तास लागले. चार सांगितल्या होत्या, पिशव्या लागल्या दोनच. आयसीयूत सिस्टर मनगटाच्या धमनीतून तपासायला रक्त काढत होती तेव्हा मी बघितलं, लालभडक. शिबिरात आपण बघतो ते काळपट मरून, कारण ते शिरेतलं, ऑक्सिजन देऊन परत निघालेलं. निळं मात्र कुठलंच नसतं, निळी दिसते ती कातडीखालची शीर.

पायाची शीर आता छातीत धमनीचं काम करतेय. तिची भिंत पातळ, आयुष्यभर कमी दाबात राहिलेली, तिला हा जोर झेपायला वेळ लागतो, आणि छातीतल्या धमनीच्या मानाने ती लवकर ब्लॉक होते पण. म्हणून गोळ्या आणि चालणं चुकवायचं नाही. बाबा सकाळी चाळीपासून लालबाग मार्केटपर्यंत जाऊन येतात. उजवा पाय संध्याकाळी थोडा सुजतो, मग पाय स्टुलावर.

ह्या मे महिन्यात मी मंडळाच्या मागे लागून शिबिर घेतलं. खूप वाद झाले, "मे मध्ये कोण येतं" वगैरे. बरोबरच होतं त्यांचं, अकरा जण आले, त्यातल्या दोघांना परत पाठवलं. छत्र्या नव्हत्या. बाबा टेबलापाशी बसून लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" करत होते, मागे कोणी नसताना. बिस्किटांचे पुडे इतके उरले की आठवडाभर चहाबरोबर तेच, आणि आई डबा लपवून ठेवते तो बाबांना बरोबर सापडतो.