ग्राट्सचा शिलेखाना: सोमवार सोडून जा

आम्ही व्हिएन्नाहून अडीच-एक तासांची रेल्वे धरून ग्राट्सला गेलो आणि हेरेनगास रस्त्यावर बंद दारापुढे उभे राहिलो. वार सोमवार. चूक आमचीच! मुक्काम एक दिवस वाढवावा लागला, पण 'लांडेसत्सॉइगहाउस' या जुन्या शस्त्रागारासाठी तो वाढवला याचं वाईट वाटलं नाही.

बाहेरून इमारत अरुंदच. दाराच्या दोन बाजूंना मार्स आणि मिनर्व्हा या रोमन युद्धदेवतांचे पुतळे आहेत, ते नसते तर चालत पुढे गेलो असतो. आन्तोनियो सोलार याने ती 1642 ते 1644 मध्ये बांधली. म्हणजे तेव्हा शिवाजी महाराज बारा-चौदा वर्षांचे. ऑस्मानी तुर्कांची सरहद्द इथून फार लांब नव्हती, म्हणून ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्क प्रांताने आपली हत्यारं एका छपराखाली आणली.

हे लक्षात ठेवून आत शिरा: ही इमारत संग्रहालय म्हणून बांधलेलीच नाही, ते गोदाम आहे. तळमजल्यावर जड तोफा, वर चार मजले. जमीन लाकडी, छत लाकडी, मांडण्या लाकडी. लाकूड ओल धरतं, हळूहळू सोडतं, लोखंड टिकायला ते बरं. सुमारे 32,000 वस्तू आहेत, आणि काचेच्या कपाटात नाहीत, ओळीने टांगलेल्या.

पहिल्या मजल्यावर घाई करू नका. ठासणीच्या बंदुका आणि पिस्तुलं इतकी की नजर ठरत नाही. एकीच्या चापापाशी वाकून बघा. चावी दिलेलं चाक पायराइट या खनिजाच्या तुकड्यावर घासून ठिणगी पाडायचं. घड्याळजीचंच काम ते! त्यावरच्या मजल्यांवर चिलखतं आहेत. साध्या शिपायांची काळी, खडबडीत, सरदारांची कोरीवकामाची. मला काळीच जास्त आवडली. काही छातीपत्र्यांवर एकच खळगा दिसतो. तो लढाईतला असेलच असं नाही, कारागीर गोळी झाडून पत्रा पारखून द्यायचे. कोनराट झॉयझनहोफर या चिलखत बनवणाऱ्या कारागिराने बनवलेलं घोड्याचं चिलखत मात्र चुकवू नका. शेवटचा मजला भाले-तलवारींचा. तोवर पाय भरून आले होते, तो आम्ही उरकलाच.

हे सगळं वाचलं कसं? 1749 मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिला प्रांतोप्रांतीचे शिलेखाने मोडून लष्कर एका हाताखाली आणायचं होतं. श्टायरमार्कच्या प्रतिनिधींनी विनंती केली, पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण म्हणून एवढं राहू द्या. तिने मानलं.

जाणाऱ्यांसाठी: स्टेशनवरून ट्रामने हाउप्टप्लाट्झला उतरा, तिथून चालत काही मिनिटं. हिवाळ्यात आत एकट्याने फिरता येत नाही, वाटाड्याबरोबरच सोडतात, वेळा आधी बघून ठेवा. आत गरम करायची सोय नाही, स्वेटर अंगावर असू द्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर जिन्यांचा विचार करा. दोन तास तरी हवेत.

बाहेर पडल्यावर शेजारच्या लांडहाउसच्या, म्हणजे प्रांताच्या विधानभवनाच्या, कमानींच्या चौकात बसा, मग श्लोसबर्ग टेकडीवर चढा. तिथल्या मनोऱ्याच्या घड्याळात लांब काटा तासाचा आणि आखूड मिनिटांचा. परतीची गाडी असेल तर मोबाईलच बघा.