पेलेश्यान आणि ऊसतोडीचं फुटेज

दसरा झाला की बीड, धारूर, केजकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि हल्ली त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन पोरंही निघतात. फुटेज दमदार असतं. एडिटला बसलं की मात्र सगळा भार निवेदनावर टाकला जातो. अशा प्रत्येकानं आर्ताव्हाझ्द पेलेश्यान हा आर्मेनियन दिग्दर्शक बघावाच.

जन्म १९३८, आर्मेनियातल्या लेनिनाकानचा, म्हणजे आजच्या ग्युमरीचा. शिक्षण मॉस्कोच्या व्हीजीआयके या फिल्मशाळेत. ‘आरंभ’ (१९६७), ‘आम्ही’ (१९६९), ‘ऋतू’ (१९७५) या त्याच्या फिल्म छोट्या आहेत, निवेदन नाही. त्यानंतर काम विरळ होत गेलं. ‘निसर्ग’ आली थेट २०२०मध्ये.

सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन लगतच्या दोन शॉटच्या टकरीतून अर्थ काढायचा. पेलेश्याननं ते दोन शॉट एकमेकांपासून लांब नेले. ‘आम्ही’च्या सुरुवातीचा मुलीचा चेहरा तेव्हा नुसता चेहरा असतो, मधली गर्दी, डोंगर, राबणारे हात पाहून झाल्यावर तो परत येतो तेव्हा त्यात सगळा समाज दिसायला लागतो. ‘ऋतू’मध्ये मेंढपाळ मेंढरं कवेत धरून उतारावरून घसरतात, विवाल्डीचं संगीत चालू असतं, आणि कष्ट की उत्सव हे ठरवता येत नाही. माझ्या मते त्याची सगळ्यात श्रेष्ठ फिल्म हीच.

आपल्या वीस मिनिटांच्या फिल्मसाठी तीनच आधार-शॉट, म्हणजे फिरून परत येणारे शॉट, निवडा. समजा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणारी बाई. पहिल्यांदा दोन-तीन सेकंद, आवाज पूर्ण बंद. मधे उचल (आगाऊ घेतलेले पैसे), मुकादम, कोपीतली म्हणजे मजुरांच्या झोपडीतली चूल येऊ द्या. सात-आठ मिनिटांनी तोच शॉट कोयत्याच्या आवाजासह, आणि शेवटाकडं पूर्ण लांबीचा, ती वर पोचेपर्यंत. मिनिटाभरातच परत आणलात तर बघणाऱ्याला एडिटची चूक वाटते. शॉटची आकृतीही ठळक हवी. धूसर, हलता शॉट सात मिनिटं डोक्यात टिकत नाही, त्यामुळं परत आलेला ओळखूच येत नाही. ड्रोनच्या शॉटचं बहुतेकदा हेच होतं.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा: फडात माणसं गप्प असताना सलग दोन मिनिटं पाचटाची सळसळ, मग नुसता कोयता. पेलेश्यानकडं आवाजही शॉटसारखाच लांबून परत येतो; कॅमेऱ्याच्या माइकवर वारा भरला असेल तर तो परत आणण्यासारखा राहत नाही.