सडा पडीक नाही

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, मोठा सौरऊर्जा प्रकल्प येणार असल्याचे गावाला कळले ते कुठल्या नोटिशीवरून नव्हे, तर शिमग्याला मुंबईहून आलेल्या आमच्या काकांनी खिशातून करारनाम्याचा मसुदा काढून दाखवला तेव्हा. त्या मसुद्यात आमच्या सामाईक जमिनीचे वर्णन ‘पडीक व नापीक’ असे केले होते. माझा विरोध या दोन शब्दांपासून सुरू होतो.

सातबाऱ्यावर ही जमीन वरकस आहे आणि तिचा बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदला आहे. पण वरकस म्हणजे टाकाऊ नव्हे. भाताच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी रोपांची जागा भाजण्यासाठी, जिथले गवत आणि पालापाचोळा आणायचा ती वरकस. म्हणजे भात खालच्या मळ्यात पिकत असले तरी त्याचा अर्धा आधार वर सड्यावर असतो. तिथे पूर्वी नाचणी आणि वरी होत असे, आणि आजही दसऱ्यानंतर तिथलेच गवत कापून उडवी रचली जाते व गुरांना वर्षभर पुरते.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची आहे. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेल्या पावसाचा मोठा भाग आत मुरतो आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. आमच्या खालच्या वाडीची विहीर मे महिन्यापर्यंत तग धरते ती याच पाण्यावर. प्रकल्पासाठी कातळ फोडून सपाट केला आणि पाणी चर खणून एका बाजूला वळवले, तर त्या विहिरीचे काय होईल, याचे उत्तर मसुद्यात कुठेही नाही. गेल्या श्रावणात मी कातळावरच्या एका पाणथळ खळग्याशी ओणवा होऊन बराच वेळ बसलो होतो. बोटभर उंचीची सीतेची आसवे ही रानफुले निळ्या-जांभळ्या रंगात दाटली होती आणि पाण्यातल्या मुळांसारख्या धाग्यांना कीटक पकडणाऱ्या, मोहरीहूनही लहान पिशव्या होत्या. याच तालुक्यातल्या बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. तीही अशाच सड्यांवर, जेमतेम बोटभर खोल कोरलेली आहेत.

मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. २०२१ च्या तौक्ते वादळानंतर अंधारात काढलेले दिवस मला आठवतात, आणि घराच्या छपरावर पॅनेल बसवायला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते हेही मी वाडीत घरोघरी सांगत असतो. परंतु एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, म्हणजे ५० मेगावॉटला दोनशे एकरांहून अधिक. एवढ्या जागेला कुंपण पडले की गुरांची वाट, गवत आणि झऱ्यांचे माथे सगळे आत जाते. आणि सौर प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेबाहेर असल्याने जनसुनावणीचे बंधनही नाही.

काकांचे म्हणणे मात्र मी झटकून टाकू शकत नाही. “वीस वर्षं कोणी नांगर धरला नाही, मुलं मुंबईत, आणि उद्या वणवा लागला तर ते गवतही जाणार, मग भाडं का नको?” असे ते विचारतात. शासनाच्या सौर कृषी वाहिनी योजनेत भाडेपट्ट्याचा दर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आहे आणि जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, हे मी त्यांना दाखवले, कारण आमच्या मसुद्यात थेट खरेदीखत होते आणि तेही एकदाच मिळणाऱ्या रकमेवर.

सातबाऱ्यावर २७ नावे आहेत, त्यांपैकी दोघांनी सही केली आहे. ग्रामसभेत आम्ही एवढीच मागणी केली की मोजणीवाले मार्चमध्ये येऊन गेले, तेव्हा सडा करपलेला असतो. आता त्यांनी ऑगस्टमध्ये यावे. काकांनी अजून सही केलेली नाही. पाहणीच्या दिवशी गुरांची जुनी वाट आणि झऱ्यांच्या जागा दाखवायला ते स्वतः मुंबईहून येणार आहेत.