शिलेदार कुणाचा?

चौकातल्या फ्लेक्सवर आज वाचलं : 'साहेबांचा निष्ठावंत शिलेदार'. सिग्नल सुटला तरी ते शब्द डोक्यातून जाईनात.

अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र, त्याला फारसी 'दार' जोडून झालेला हा शब्द. मराठा फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. अशा २५ बारगिरांवर एक हवालदार. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता, कारण बारगीर पुरता हुकमात राही. शिलेदाराचं वेगळं. घोडा त्याचा, म्हणून ताठाही त्याचा. आणि लढाईत घोडा पडला तर नुकसानही त्याचंच! किती मोठी जोखीम होती ती.

इंग्रजीतला 'नाइट' (knight) नेमका उलट्या वाटेनं गेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोरगा, चाकर. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर हळूहळू तो घोडेस्वार योद्धा झाला, पुढे मानाची पदवी. त्याचा जर्मन भाऊ 'क्नेख्त' मात्र गडीच राहिला.

तिकडे चाकराचा सरदार झाला. आपल्या शिलेदाराला मात्र आपण 'कुणाचा तरी' करून टाकलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिलेदार आडनावाचं कुणी ओळखीत आहे? घरात घोड्याच्या, हत्यारांच्या काही आठवणी सांगतात का?