ई-रीडरचा पडदा कशाने जातो: माझ्या ट्रेची नोंदवही

३ तारीख

दुरुस्तीच्या ट्रेमध्ये आता चार ई-रीडर झाले. मॉडेलचे आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून नावं ठेवली आहेत: आजोबा, वाकडा, पोटफुग्या आणि दिवेवाली. आजोबा सोडले तर बाकीच्यांवर ‘स्क्रीन गेली’ असा शिक्का आहे. या महिन्यात एकच काम, कोणाचा पडदा नेमका कशाने गेला हे उघडून बघायचं.

आजोबांना काहीच झालेलं नाही, म्हणून आधी तेच. ६ इंची पडदा, ८०० बाय ६०० ठिपके, म्हणजे इंचाला १६७. ना दिवा, ना टच. बारा वर्षं रोज हातात होते. दिवसाला साठच पानं धरली तरी दोन लाख साठ हजारांच्या वर पानं उलटून झाली. पडदा करडा दिसतो, पण तो नवा होता तेव्हाही करडाच होता. काळा अजून काळा आहे.

पानं उलटून पडदा झिजतो ही भीती खूप जणांना असते. पण आत झिजायला आहे काय? केसाच्या जाडीच्या आसपासच्या कुप्या, त्यांत पारदर्शक तेल, तेलात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण आणि कार्बनचे काळे. दोघांवर एकमेकांच्या उलट विद्युतभार. मागून व्होल्टेज दिला की एक वर येतो, दुसरा तळाला जातो, आणि व्होल्टेज काढला तरी दोघे आहेत तिथेच बसून राहतात. फोनच्या ओएलईडी पडद्याचा ठिपका स्वतः जळून उजेड देतो, म्हणून वर्षागणिक मंदावतो. इथे जळत काहीच नाही.

५ तारीख

वाकडा उघडला. गंमत म्हणजे समोरून हात फिरवला तर कुठे चरासुद्धा लागत नाही. टॉर्च तिरपी धरून पाहिलं, तरी गुळगुळीत. पण वरच्या अर्ध्या भागात एक जुनं पान गोठलंय, खालचा भाग मात्र व्यवस्थित बदलतो. गोठलेल्या भागात पान १४१ च्या सतरा ओळी मोजल्या. वाचणाऱ्याने शेवटचं काय वाचलं ते यंत्राच्या अंगावर कोरलेलं राहतं, हे जरा अंगावर येणारं आहे.

गिटारच्या पिकने कडा सोडवल्या, पॅनेल उचललं आणि पालथं घातलं. मग दिसलं. समोर असते ती प्लास्टिकची फिल्म. खरी काच तिच्या मागे, आणि तीही अगदी पातळ. ट्रान्झिस्टरचं जाळं याच काचेवर असतं. एका कडेपासून निघालेली तडा कोळ्याच्या पायासारखी दोनदा वळून पलीकडच्या कडेला गेली होती. तारांच्या रेघा खालच्या चिपपासून वर जातात; तड्यापर्यंत वीज पोचते, तड्याच्या पुढे नाही. म्हणजे पॅनेल न उघडताही तडा शोधता येते: पडद्यावरचं चित्र जिथून गोठलेलं दिसतं तिथे काच तुटली, आणि चिपच्या बाजूचा भाग जिवंत.

मालकाची तक्रार होती, ‘पडला नाही, आपटला नाही, आपोआप गेला.’ माझा त्यावर विश्वास आहे. पिशवीत ई-रीडरच्या अंगाला चार्जरचा प्लग लागला आणि वरून जाड पुस्तक आलं, की एका ठिपक्यावर सगळा भार. आवाज होत नाही, ओरखडा उमटत नाही. मऊ कव्हर अशा वेळी काही कामाचं नाही, पडद्यावर कडक पुठ्ठ्यासारखी झाकण असलेलं हवं. दुसरी मारक गोष्ट म्हणजे पिळणं. एका कोपऱ्याला धरून जड यंत्र उचलणं, किंवा खुर्चीवर ठेवून विसरणं आणि मग बसणं. (हो, मी बसलेय. त्याबद्दल अधिक विचारू नये.)

काचेऐवजी प्लास्टिकचं पाठबळ असलेली पॅनेलंही निघाली आहेत. मोबियस नावाने ओळखतात त्यांना, सोनीच्या १३.३ इंची डीपीटी-एस१ मध्ये तेच होतं. एवढ्या मोठ्या आकारात काच घातली असती तर ती पिशवीत नेणं म्हणजे खिडकी घेऊन हिंडणं.

९ तारीख

फ्रिजचा प्रयोग. दिवेवालीला झिपच्या पिशवीत घालून हवा काढली आणि तासभर आत ठेवली. बाहेर काढून पिशवीतूनच बटण दाबलं. पान उलटताना आधीच्या पानाची अक्षरं मागे पुसट राहिली आणि पडद्याचा काळा-पांढरा लखलखाटही नेहमीपेक्षा लांबला. थंडीत तेल दाट होतं, कण रेंगाळतात. यंत्रात तापमानाचा सेन्सर असतो आणि कण ढकलण्याच्या तक्त्यात प्रत्येक तापमानासाठी वेगळा हिशोब असतो, म्हणून यंत्रच वेळ वाढवून घेतं. खोलीत आल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. पिशवी मात्र यंत्र गरम झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बाष्प आतल्या जोडांवर जमेल.

ही सावली म्हणजे बिघाड नव्हे, एवढं जरी लोकांच्या लक्षात आलं तरी निम्मी यंत्रं माझ्याकडे येणार नाहीत. पूर्ण रिफ्रेश दहा वेळा द्या, काळा-पांढरा लखलखाट होऊ द्या. सावली गेली तर पडदा ठीक आहे. मी आजोबांवर तीन आठवडे एकच घड्याळाचं चित्र ठेवलं होतं; आकडे पुसट दिसत राहिले, पण रिफ्रेश देता देता गेले.

उष्णतेचं तसं नाही. किंडलच्या माहितीपत्रकात वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. बंद मोटारीत काचेखाली ठेवलेलं यंत्र ही मर्यादा कधीच ओलांडून जातं. उन्हात बसून वाचायला हरकत नाही, तो तर या पडद्याचा प्रांतच. पण उन्हात ठेवून विसरणं निराळं.

१४ तारीख

हे लिहायला लाज वाटते, पण नोंदवही आहे तर लिहायलाच हवं. एक पॅनेल मी स्वतः मारलं.

ईडी०६०एससी४ नावाचं, जुन्या काळचं, हौशी लोकांमध्ये चांगलं परिचित. त्याला स्वतः जुळवलेल्या बोर्डावर चालवायचं होतं. पॅनेलला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट लागतात: एका दिशेने ढकललं की पांढरं, दुसऱ्या दिशेने काळं. माझा कोड काळं करायला जितका वेळ ढकलायचा, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाच वेळ उलट ढकलायचा. चित्र छान दिसत होतं, म्हणून मी खूश. रात्रभर दर मिनिटाला चित्र बदलत ठेवलं.

सकाळी पांढरा भाग पिवळट-करडा आणि त्यात चित्राची आकृती कायमची. दहा रिफ्रेश दिले, पन्नास दिले, काही नाही. एकाच बाजूला सतत ढकलत राहिलं तर कुप्यांमध्ये आणि चिकट थरात भार साठत जातो. तयार यंत्रात वेव्हफॉर्म, म्हणजे तो कण ढकलण्याचा तक्ता, बनवणारे लोक काळं-पांढरं करताना दोन्ही बाजूंचा हिशोब शून्यावर आणतात. तो दिसणारा लखलखाट निम्मा त्यासाठीच असतो. मी त्याला आधी ‘उगाच चमकणं’ म्हणत होते. पॅनेल फ्रेम करून भिंतीला लावणार आहे, स्वतःला आठवण म्हणून.

१७ तारीख

दिवेवालीचं दुखणं किरकोळ निघालं. पानं आपोआप उलटतात, ही तक्रार. टच इन्फ्रारेडचा आहे, म्हणजे कडेने अदृश्य किरणांचं जाळं. कोपऱ्यात धूळ अडकली होती, यंत्राला ते बोट वाटत होतं. मऊ ब्रशने झाडली, संपलं. अंधारात दिसणारा पांढरा ठिपका मात्र राहील. तो दिवे पसरवणाऱ्या थरावरचा चरा आहे, तिथून उजेड बाहेर फुटतो.

२१ तारीख

पोटफुग्या. पाठ सुटलेली, समोरचा पडदा मध्ये किंचित उचललेला. बॅटरी फुगली होती. वर्षानुवर्षं चार्जरला लावून, पूर्ण भरलेली, गरम जागी ठेवल्याचा परिणाम. लिथियम बॅटरी पडद्यापेक्षा लवकर म्हातारी होते, आणि मागून दाबून जाताना पडद्यालाही सोबत नेऊ शकते. हा नशिबवान, काच शाबूत आहे. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. मी एका वेळी एकच वायर कापली, तिच्या टोकाला लगेच चिकटपट्टी लावली, मगच पुढची कापली, आणि बॅटरी बाहेर मोकळ्या जागी ठेवली. बरेच दिवस वापरायचं नसेल तर निम्मी भरून ठेवावी. पार रिकामी ठेवली की मग जागंच होत नाही, असं एक यंत्र मागच्या महिन्यात पाहिलं.

२४ तारीख

वाकड्यासाठी पॅनेल आलं. पहिली गोष्ट पाहिली ती रिबनवरची, म्हणजे पॅनेलच्या चपट्या केबलवरची, चिकटपट्टी. तिथे व्हीकॉमचा, म्हणजे पडद्याच्या सगळ्या ठिपक्यांच्या समाईक टोकाला द्यायच्या व्होल्टेजचा, आकडा छापलेला असतो, प्रत्येक पॅनेलचा वेगळा. जुन्या पॅनेलवर उणे १.८८ व्होल्ट, या नव्यावर उणे २.०६. यंत्राला तो सांगितला नाही तर काळा फिका पडतो आणि सावल्या राहतात, मग माणूस म्हणतो पॅनेलच खराब आलं. दोन्ही आकडे वहीत उतरवले, पट्टीचा फोटो काढला. रिबन उद्या दिवसाच्या उजेडात बसवणार. आज हात थरथरतायत आणि दिवाही पिवळा आहे.