सुई उचलली त्याबद्दल

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तोंडी सांगायला गेले की माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

प्रश्न ठरलेला असतो. दुसऱ्या शनिवारच्या आमच्या रेकॉर्ड ऐकायच्या बैठकीला कुणी नवीन आलं की जुन्यांपैकी एकजण त्याच्या कानाशी लागतो: २०१२ साली काकूंनी बॉबी वुमॅकची, त्या अमेरिकन सोल गायकाची, नवी रेकॉर्ड सगळ्यांसमोर बंद केली होती बरं का. मग तो नवीन माणूस चिवड्याची बशी घेऊन माझ्यापाशी येतो. आता तर तीच रेकॉर्ड तुम्ही वर्षातून दोनदा लावता, मग मत बदललं का? गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं. तिचा जन्मसुद्धा बहुतेक माझ्या भावाच्या, दादाच्या, निवृत्तीनंतरचा. मी 'चहा घेतलास का' म्हणून वेळ मारून नेली.

हो म्हणावं तर तेव्हा चुकले हे कबूल करावं लागतं. नाही म्हणावं तर आता ढोंग करते असं होतं. दोन्ही मान्य नाही.

वुमॅक कोण हे तुम्हाला सांगत बसत नाही. ती रेकॉर्ड तेवढी आठवून देते. 'द ब्रेव्हेस्ट मॅन इन द युनिव्हर्स', जून २०१२. तेव्हा त्याचं वय अडुसष्ट. स्वतःच्या नव्या गाण्यांचा असा अल्बम त्याने १९९४ नंतर केलाच नव्हता. निर्माते दोघे, ब्लर या ब्रिटिश बँडवाला डेमन अल्बार्न आणि एक्सएल या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख रिचर्ड रसेल. मागे बँड असा नाहीच. मशीनचा ठेका, सिंथेसायझर, मधूनमधून पियानो, आणि त्यावर या बाबाचा खरवडलेला आवाज. ब्रिटनमध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतला, क्यू मासिकाने वर्षातला उत्कृष्ट अल्बम म्हणून बक्षीस दिलं. आणि आमच्यासारखी, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड कापडाने पुसून ठेवणारी माणसं, गप्प झाली. काही गप्प झाली नाहीत. त्यातली मी एक.

माझ्या घरात हे संगीत आलं ते दादामुळे. तो मर्चंट नेव्हीत होता. बोटीवरून सुटीवर आला की आईसाठी साबण, बाबांसाठी शेव्हिंगचं सामान आणि माझ्यासाठी रेकॉर्ड. 'अक्रॉस वन टेन्थ स्ट्रीट' त्यातच आली. बहात्तरची. कव्हरचा एक कोपरा खाऱ्या हवेने फुगलेला. मी अकरावीत होते आणि त्या गाण्यातलं इंग्रजी निम्मंसुद्धा कळत नव्हतं. पण हा माणूस आधी बोलायला लागतो आणि बोलता बोलता गायला लागतो, नेमकं कुठे ते सापडत नाही, हे कळलं. कीर्तनात बुवा गद्यातून पद्यात कधी जातात ते कळत नाही, तसं. त्यावर माझं सगळं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल. बँकेतली नोकरी मधल्या वेळात केली.

आता तो दिवस.

जुलै २०१२, बाहेर धो धो पाऊस, बैठकीला पंधरा माणसं. एरंडवण्यातला आमचा हॉल केवढा ते तुम्हाला माहीत आहे. दादाचा मुलगा, माझा भाचा, तेव्हा लंडनला शिकून नुकताच परतला होता. येताना त्याने ही रेकॉर्ड आणली होती. विमानात हातातल्या बॅगेत, दोन शर्टांच्या मध्ये ठेवून. वहिनी नंतर म्हणाली की स्वतःसाठी त्याने काहीच आणलं नव्हतं. मला आधी दाखवलीही नाही. सगळे जमल्यावर पिशवीतून काढली आणि म्हणाला, "आत्या, आज मी लावतो."

पहिलं गाणं संपलं. मी गप्प बसले, पण माझ्या गप्प बसण्याला आवाज असतो असं दादा म्हणतो. दुसरं सुरू झालं. तुम्हाला माहीत असलेलं, सगळ्यात गाजलेलं, 'प्लीज फर्गिव्ह माय हार्ट'. ते मशीन टिक टिक करायला लागलं आणि मी मोठ्याने म्हणाले, "हा काय तालमाला लावून गातोय?" तालमाला म्हणजे रियाजाला ठेका देणारं यंत्र.

दोघं-तिघं हसले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हसू मिळालं की माणसाला चेव येतो. मी उठले, गुडघ्यावर हात टेकून उठले ते आठवतं, आणि सुई उचलली. म्हटलं, गोऱ्या पोरांनी म्हाताऱ्याला नातवाचे कपडे घालून फोटोला उभं केलंय. आता खरा वुमॅक ऐका. आणि दादाची बहात्तरची रेकॉर्ड काढली.

भाचा शांतपणे म्हणाला, "आत्या, स्लाय स्टोनच्या 'रायट'वर पण मशीनचाच ठेका आहे ना? एकाहत्तरचा. त्यावर गिटार कोणाची?"

हॉलमधल्या निम्म्यांना उत्तर माहीत होतं. मला तर होतंच. फंकवाल्या स्लाय स्टोनची ती 'देअर्स अ रायट गोइन ऑन' मीच त्यांना चार वेळा ऐकवली असेन, 'फॅमिली अफेअर'मधली गिटार वुमॅकची हे दरवेळी बोट वर करून सांगितलं असेन. ठेक्याचं मशीन लोकप्रिय गाण्यांत नवखं होतं त्या काळात हा माणूस त्या मशीनशेजारी बसून वाजवत होता. म्हणजे मशीन त्याच्या घरात अल्बार्नने आणलं नाही. आधीपासून होतं.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले? "तू मला शिकवू नकोस. तुझ्या बापाने आणलेल्या रेकॉर्ड मी ऐकत होते तेव्हा तुझा पत्ता नव्हता."

कुणी हसलं नाही. आमच्यात एक बाई आहेत, गाणं शिकवतात. त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज तालमालेवरच रियाज करते हो." विषय बदलावा म्हणून म्हणाल्या असतील, पण तेही मलाच लागलं. भाच्याने त्याची रेकॉर्ड आतल्या पाकिटात घातली, पाकीट कव्हरमध्ये घातलं, कडा नीट जुळवल्या. घाई केली नाही. बहात्तरची पहिली बाजू पूर्ण ऐकली, सगळ्यांचे कप आत नेऊन ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ती रेकॉर्ड चपलांच्या रॅकला टेकवून ठेवलेली. पावसात न्यायची नाही म्हणून ठेवली की न्यायचीच नाही म्हणून, हे मी विचारलं नाही.

ती मी कपाटात ठेवली. दोन वर्षं.

आता माझी बाजू. मला आवाजाचं वावडं नाही. २००७ साली सवाईला भीमसेनजी गायले तेव्हा मी मंडपात होते. आवाज थकलेला होता, आणि तो थकलेला आहे म्हणून कुणी उठून गेलं नाही. उतारवयातल्या गाण्याचं काय करायचं हे आपल्याला चांगलं कळतं. पण भीमसेनजींच्या मागे तानपुरा होता. तोच तानपुरा. कुणी म्हटलं नाही की पंडितजी, तरुण श्रोते यावेत म्हणून जरा सिंथेसायझर घेऊ. माझं भांडण तिथे होतं. चार वर्षं आधी, २००८ मध्ये, अल ग्रीन या दुसऱ्या जुन्या सोल गायकाचा 'ले इट डाऊन' आला होता. तोही साठी ओलांडलेला, त्याचेही निर्माते वयाने लहान, क्वेस्टलव्ह आणि जेम्स पॉयझर. पण त्यांनी काय केलं? जिवंत ड्रम, ब्रास, व्हायोलिनं, सगळं मेम्फिसच्या जुन्या वळणावर नेऊन ठेवलं आणि त्याला म्हटलं, गा. दोन ग्रॅमी मिळाल्या. आमच्या बैठकीत तो पूर्ण वाजला आणि पुन्हा लावला. म्हणजे नव्या माणसांनी जुन्या गायकाला हात लावू नये असं मी कधीच म्हटलं नव्हतं, हे कृपा करून लक्षात घ्या.

भाचा यावर काय म्हणेल ते मला माहीत आहे. आत्या, तुला नवा अल्बम नको होता, जुनाच पुन्हा हवा होता. तो असं म्हणालेला नाही. गेली तेरा वर्षं मीच त्याच्या वतीने म्हणतेय, आणि हरतेय.

२७ जून २०१४ ला वुमॅक गेला. सत्तर वर्षांचा. मधुमेह होता, कॅन्सर होऊन गेला होता, स्मृतिभ्रंश सुरू झाला होता. गाण्यांचे शब्द आणि माणसांची नावं आठवत नाहीत असं तो स्वतः सांगत होता. बातमी वाचली आणि कपाट उघडलं. घरात कुणी नव्हतं. पहिलं गाणं ऐकलं: जो आधी क्षमा करतो तोच सगळ्यात शूर, असा त्याचा आशय. दुसऱ्याचं नावच माफी मागणारं. हे दोन्ही मला उद्देशून नाही, एवढी अक्कल आहे. असे योगायोग मला लबाड वाटतात. दुसरं गाणं तेव्हाही आवडलं नाही. टिक टिक तशीच. पण या वेळी सुई उचलली नाही.

आणि तिसरं लागलं. 'डीप रिव्हर'. जुनं, चर्चमधलं, पिढ्यान् पिढ्या गायलं गेलेलं. मशीन नाही, काही नाही. एक गिटार आणि तो. लहानपणी वडिलांच्या गिटारला ते नसताना हात लावायचा आणि एकदा तार तुटली तर तिथे बुटाची नाडी बांधली, ही गोष्ट तो मोठेपणी रंगवून सांगायचा. डावखुरा असून उजव्या हाताची गिटार उलटी धरून शिकला. ते पोरगं या गाण्यात बसलेलं होतं. आवाज फाटतो तिथे फाटू दिलाय, झाकलेला नाही.

म्हणजे २०१२ च्या जुलैत मला जे हवं होतं ते पुढच्याच गाण्यात होतं. चार मिनिटं गप्प बसले असते तर झालं असतं. त्या माणसांना मशीनशिवाय त्याला कसं गाऊ द्यायचं हे पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या गाण्यात त्यांनी मशीन ठेवलं ते मुद्दाम.

इथपर्यंत आले की ऐकणारे मान डोलावतात. चला, काकूंचं मत बदललं. पण थांबा. मला 'डीप रिव्हर' आवडलं हे माझ्या जुन्या मताच्याच बाजूने जात नाही का? अकरा गाण्यांतलं जे जुन्यासारखं तेच आवडलं. मी कुठे बदलले? फक्त ऐकायला उशीर केला. चौथ्या गाण्यात गायिका लाना डेल रे येते तिथे मी आजही खिडकीबाहेर बघते. उलट शेवटचं 'जुबिली' मशीनवरच उड्या मारत जातं आणि ते मला भलतंच आवडतं, याचं काय करायचं तेही कळत नाही.

असं आधी चिडणं वुमॅकला स्वतःलाही चुकलं नव्हतं. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने त्याचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' गायलं तेव्हा हा वीस वर्षांचा मुलगा रागावला होता, त्यांनी स्वतःचं गाणं शोधावं म्हणून. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, रॉयल्टीचा चेक हातात पडला आणि राग निवळला, हे तोच हसत सांगायचा. मला कुणी चेक पाठवलेला नाही. पुढे पंचेचाळीसेक वर्षांनी अल्बार्नच्या गोरिलाझ या दुसऱ्या बँडबरोबर गायला बोलावणं आलं. त्याने त्यांचं नाव ऐकलं नव्हतं; मुलगी म्हणाली म्हणून गेला. साठी उलटलेला माणूस लेकीचं ऐकून उठून गेला. मी भाच्याचं चार मिनिटं ऐकून घेतलं नाही.

त्याच्याशी बोलणं आहे. दिवाळीला येतो, दादाची औषधं तोच आणतो, माझा फोन अडकला की नीट करून देतो. रेकॉर्डवरून पुन्हा एक शब्द नाही. दोन-तीनदा मी मुद्दाम ती समोरच्या फळीवर उभी ठेवली. गेल्या पाडव्याला त्याचं लक्ष गेलं. कव्हर हातात घेतलं, खालची कड दुमडली होती ती अंगठ्याने सरळ केली आणि परत ठेवलं. "पाकीट बदल आत्या, फाटलंय," म्हणाला. मी पाकीट बदललं.

बैठकीत लावते ती आता पहिल्यापासून लावते. तिसऱ्यावर थेट सुई ठेवत नाही. दुसरं लागलं की मी चहा टाकायला आत जाते. ओट्यापाशी ऐकू येतं, पण समोर बसून ऐकावं लागत नाही. त्या मुलीने विचारलं तेव्हाही दुसरंच चालू होतं.